ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते सरळ वाटले जातात का? नव्या खेळाडूने कसं तपासावं

ऑनलाइन पोकर खेळायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतो, "हे ॲप फिक्स आहे." हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, सगळ्या चिप्स मध्ये गेलेल्या आणि शेवटच्या पानाला तिसरा राजा. असं दोनदा झालं की शंका पक्की होते. ही शंका हसण्यावारी नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन पोकरमध्ये खरोखरची आणि मोठ्या रकमांची फसवणूक झालेली आहे. फक्त ती बहुतेक वेळा लोक बोट दाखवतात तिथे झालेली नाही. म्हणून काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते नीट बघू.

आधी कायद्याचं

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर त्यात बंदी आहे. शिक्षा आहे ती खेळवणारे, जाहिरात करणारे आणि पैशांचे व्यवहार हाताळणारे यांना. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. त्यानंतर देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. त्यामुळे मुंबई-पुण्यात बसून हे वाचणाऱ्याने यातलं सगळं फुकट चिप्सच्या खेळापुरतं घ्यावं. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसांना तिथल्या परवानाधारक साइट उघड्या आहेत. तपासण्याची रीत दोघांना एकच.

पायरी १: पिसणं म्हणजे काय ते समजून घ्या

५२ पानांचा कॅट किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतो? ८ लिहून पुढे ६७ शून्यं द्या, साधारण तेवढ्या. या सगळ्या क्रमांना सारखीच संधी मिळाली, तर पिसणं सरळ.

गणपतीच्या जागरणाला आपण पत्ते पिसतो तेव्हा हे कधीच होत नाही. डेव्ह बेअर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की दोन गठ्ठे करून पानं एकमेकांत सरकवत पिसलं, तरी कॅट नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावं लागतं. आपण हातातल्या हातात चार-चार पानं वरखाली करतो, त्या पद्धतीला तर कितीतरी जास्त. म्हणजे घरच्या डावात मागच्या डावाची पानं बरीचशी चिकटूनच राहतात. ज्याचे डोळे या अर्धवट पिसलेल्या कॅटला सरावलेत, त्याला संगणकाने नीट पिसलेला कॅटच विचित्र वाटतो. ब्रिज खेळणाऱ्यांनीही हेच अनुभवलं: संगणकाने वाटलेले हात आले तेव्हा "हे फार तिरपागडे आहेत" अशी तक्रार झाली, आणि खरी गोष्ट अशी की हाताने वाटलेले हात गरजेपेक्षा जास्त सपाट होते, म्हणजे चारही रंग जवळजवळ सारखे वाटले गेलेले.

संगणक पिसतो ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा, रँडम आकडे मिळवणं. दुसरा, त्या आकड्यांवरून पानांचा क्रम लावणं. दोन्हीकडे चूक होऊ शकते.

दुसऱ्या टप्प्यातली चूक घरी करून बघता येते. एक्का, राजा, राणी अशी तीन पानं घ्या. सोपी वाटणारी रीत अशी: पहिल्या जागेचं पान तिन्हींपैकी कुठल्याही जागेच्या पानाशी बदला, मग दुसऱ्या जागेचं तसंच, मग तिसऱ्याचं. दर वेळी तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा. पण तीन पानांचे क्रम फक्त सहा. २७ ला ६ ने भाग जात नाही, त्यामुळे सगळ्या क्रमांना सारखा वाटा मिळणं शक्यच नाही: तीन क्रमांना पाच-पाच वाटा मिळतात, तिघांना चार-चार. बरोबर रीत फिशर-येट्स या नावाने ओळखली जाते. तिच्यात एकदा जागेवर बसलेलं पान पुन्हा हलवत नाहीत, उरलेल्यांतूनच निवडतात. वाटा होतात ३ गुणिले २ गुणिले १, म्हणजे बरोबर सहा. फरक एका ओळीचा आहे आणि त्यात कसलेले प्रोग्रामरही फसलेत.

पायरी २: १९९९ ची गोष्ट लक्षात ठेवा

या विषयावर एकच गोष्ट वाचायची झाली तर ही वाचा. प्लॅनेट पोकर ही खऱ्या पैशांनी ऑनलाइन पोकर खेळवणारी पहिली साइट. १९९८ मध्ये सुरू झाली. तिचं सॉफ्टवेअर एएसएफ नावाच्या कंपनीचं होतं. आमचं पिसणं किती प्रामाणिक आहे हे लोकांना पटावं म्हणून त्यांनी पिसण्याचा कोडच जाहीर करून टाकला. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीतल्या तज्ज्ञांनी तो वाचला आणि त्यांना दिसलं की हा तर फोडता येतो.

कोडमध्ये पानं बदलण्याची वर सांगितली तशी सदोष रीत होती, शिवाय एका आकड्याची चूक होती, ज्यामुळे ५२ वं पान ५२ व्या जागी कधीच राहू शकत नव्हतं. पण खरं भगदाड पहिल्या टप्प्यात होतं. संगणकाचे रँडम आकडे एका सुरुवातीच्या आकड्यातून निघतात. त्याला सीड म्हणतात. सीड तोच तर पुढचे आकडे तेच, पत्ते तेच. इथे सीड ३२ बिटांचा (शून्य-एकच्या ३२ अंकांचा) होता, म्हणजे जास्तीत जास्त ४ अब्ज २९ कोटी कॅट. ८ वर ६७ शून्यांपुढे हे काहीच नाही. त्यात हा सीड घड्याळावरून घेतलेला होता: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा. एका दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतल्यावर उरले सुमारे दोन लाख. मग स्वतःची दोन पानं आणि फ्लॉपची (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली) तीन अशी पाच पानं दिसली की साधा पीसी त्या दोन लाखांतून नेमका कॅट शोधून काढायचा. समोरच्यांची सगळी पानं, टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं पान), सगळं उघडं.

आता यातली महत्त्वाची बाब. त्या साइटवर महिनोन् महिने खेळून, आपल्याला जोड्या किती आल्या आणि एक्के किती आले याची वही ठेवली असती, तरी हे घड्याळाचं भगदाड सापडलं नसतं. पत्ते दिसायला रँडमच होते. दिसायला रँडम असणं आणि आधी ओळखता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाडूला दोन्ही हव्या असतात. पहिली आपण स्वतः मोजू शकतो. दुसरीसाठी कोड आणि यंत्र बघणारा तज्ज्ञच लागतो. पुढच्या दोन पायऱ्या यासाठीच वेगळ्या केल्यात.

पायरी ३: साइट काय सांगते ते वाचा, आणि प्रमाणपत्र उघडून बघा

साइटच्या तळाशी "आरएनजी" (रँडम आकडे काढणारी यंत्रणा), "फेअर प्ले" असलं काही पान असतं. तिथे दोन प्रश्नांची उत्तरं शोधा: रँडम आकडे कुठून येतात, आणि किती बिटांचे? ५२ पानांच्या सगळ्या क्रमांना पुरायला २२६ बिट लागतात. पोकरस्टार्स या साइटने आपल्या माहितीत २४९ बिट वापरत असल्याचं सांगितलं होतं आणि स्रोत दोन: खेळाडूंच्या माउसच्या हालचालींसारखी माहिती आणि यंत्रातला भौतिक गोंगाट (उष्णतेमुळे होणारी अनियमित विद्युत खळबळ). पुढे त्यांनी अर्धपारदर्शक आरशावर प्रकाशकण सोडून आकडे मिळवणारं यंत्रही वापरल्याचं सांगितलं. असं उत्तर तपासता येतं. "आम्ही अत्याधुनिक तंत्रज्ञान वापरतो" एवढंच लिहिलं असेल, तर त्यात तपासण्यासारखं काही नाही.

मग प्रमाणपत्र. आयटेक लॅब्स, जीएलआय, बीएमएम, ईकोग्रा ही तपासणाऱ्या संस्थांची नेहमीची नावं. त्यांच्या चिन्हावर टिचकी मारा. प्रमाणपत्र त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उघडलं पाहिजे. त्यावर कंपनीचं नाव, तारीख आणि नेमकं काय तपासलं ते बघा. चिन्ह नुसतं चित्र असेल तर प्रमाणपत्र नाही असंच धरा. परवान्याचंही तसंच: ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची परवानाधारकांची नोंदवही कुणालाही शोधता येते, तिथे साइटचं नाव टाका.

फुकट चिप्सच्या ॲपवर जुगाराचे नियम सहसा लागत नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र असेलच असं नाही. माझा सल्ला सरळ आहे: तिथे नियम शिका, सराव करा, पण चिप्स विकत घेऊ नका.

क्रिप्टोवाल्या साइटवर "प्रूव्हेबली फेअर" असं दिसेल. कल्पना चांगली आहे. साइट डावाआधी आपल्या सीडचा ठसा (एसएचए-२५६ नावाच्या गणिताने काढलेला) तुम्हाला दाखवते, तुम्ही स्वतःचा एक आकडा त्यात मिसळता, डाव संपल्यावर साइट सीड उघड करते आणि तुम्ही ठसा जुळतो का ते बघता. साइटने मध्येच पत्ते बदलले नाहीत हे त्यातून सिद्ध होतं. साइटवरच्या कुणी ते आधी पाहिले नाहीत, हे सिद्ध होत नाही. शिवाय पोकरमध्ये पूर्ण सीड उघडला तर फोल्ड केलेली (टाकून दिलेली) पानंही उघडी पडतात, ही अडचण आहेच. पत्ते वाटणारा कुणी नसताना दोघांनी दुरून पोकर कसा खेळावा, याचं उत्तर शामिर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन यांनी १९७९ मध्येच दिलं होतं, पण रोजच्या साइटवर तसलं काही भेटेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी ४: स्वतःची पानं मोजा, पण नीट

बहुतेक साइट खेळलेल्या डावांची नोंद उतरवून देतात. तिला हँड हिस्टरी म्हणतात. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर त्यातून हिशेब काढतं. ॲप अशी नोंद देतच नसेल, तर तो त्याच्याविरुद्धचा मोठा मुद्दा समजा.

मोजायची ती फक्त तुम्हाला वाटलेली दोन पानं. समोरच्याची शेवटी उघडलेली पानं मोजू नका. लोक वाईट हात टाकून देतात, शेवटपर्यंत येतात ते चांगले हात, त्यामुळे उघडलेल्या पानांत एक्के-राजे जास्त दिसणारच. फ्लॉपचंही थोडंफार तसंच: फ्लॉप पाहायला राहिलेल्यांच्या हातात मोठी पानं असतात, म्हणून टेबलावर छोटी पानं किंचित जास्त पडतात. "इथे प्रत्येकाकडे काही ना काही असतंच" ही तक्रार बरेचदा इथूनच जन्मते.

१०,००० हातांमध्ये काय दिसायला हवं ते असं. जोडी १७ हातांत एकदा, म्हणजे ५८८ च्या आसपास. ५४१ ते ६३५ मध्ये काहीही आलं तरी ठीक. दोन एक्के २२१ हातांत एकदा, म्हणजे ४५ च्या आसपास. ३२ ते ५८ चालेल. दोन्ही पानं एकाच रंगाची, म्हणजे दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम वगैरे, साधारण २,३५३ वेळा. २,२६८ ते २,४३८ पर्यंत हरकत नाही. या मर्यादा अशा आहेत की पिसणं अगदी सरळ असतानाही वीसमध्ये एखादा आकडा बाहेर जातो. म्हणून वीस गोष्टी मोजून त्यातल्या एकीवरून आरोप करू नका. जी बाहेर गेली तीच गोष्ट पुढच्या १०,००० हातांवर पुन्हा मोजा. पुन्हा त्याच बाजूला बाहेर गेली, तर तुमच्याकडे काहीतरी आहे.

हजार हातांवरून मात्र काहीच ठरत नाही. ५०० हात खेळून एकदाही दोन एक्के न दिसणारे दहातला एक जण असतो.

दुसरी मोजणी ऑल-इनची. सगळ्या चिप्स मध्ये गेल्या आणि पानं उघडी झाली की पुढे कुणाच्याच निर्णयाचा संबंध उरत नाही. म्हणून हा हिशेब स्वच्छ निघतो. त्या क्षणी जिंकण्याची शक्यता किती होती ती प्रत्येक वेळी लिहा आणि शेवटी बेरीज करा. १०० ऑल-इन, प्रत्येकात ८० टक्के शक्यता, तर ८० च्या आसपास जिंकाल. ७२ ते ८८ मध्ये काहीही साहजिक आहे. सगळे ऑल-इन धरा. मनात राहिलेले तेवढेच धरले तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पायरी ५: वेगाचा हिशेब करा

दोन एक्क्यांनी दोन राजांना हरवण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. म्हणजे १०० पैकी १८ वेळा एक्के हरतात. लागोपाठ दोनदा हरण्याची शक्यता साधारण तिसात एक.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या टेबलावर बसलात तर तासाला २५-३० हात होतात. ऑनलाइन एका टेबलावर ६० ते ८०, आणि लोक एका वेळी चार टेबलं उघडतात. तिकडे महिनाभरात जेवढे वाईट योग येतील, तेवढे इथे दोन-तीन रात्रींत येतात. पत्ते तेच, फक्त झपाट्याने. शिवाय नव्या टेबलांवर लोक काहीही घेऊन शेवटपर्यंत थांबतात. चार-पाच जण पानं धरून बसले की त्यातल्या कुणाचं तरी लागतंच.

"मी थांबलो असतो तर माझाच पत्ता आला असता" हेही सोडून द्या. काही साइट डावाआधी पूर्ण कॅट लावून ठेवतात, काही प्रत्येक पान काढायच्या क्षणी आकडा घेतात. पान आधी ओळखता येत नसेल, तर तुमच्यासाठी दोन्हीत काडीचा फरक नाही.

पायरी ६: पत्ते कोणाला दिसतात हे विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण लोकांचे पैसे खरोखर गेले ते इथे.

सप्टेंबर २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवरच्या एका स्पर्धेत "पॉटरिपर" नावाचं खातं अशक्य वाटावं इतकं अचूक खेळून जिंकलं. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूने डावांची नोंद मागितली. साइटकडून आलेल्या फाइलमध्ये सगळ्यांची झाकलेली पानं आणि टेबल बघणाऱ्यांचीही माहिती होती. खेळाडूंनी ती एकेक डाव करून तपासली. एक प्रेक्षक खातं टेबलावर आलं आणि त्यानंतर पॉटरिपरने फ्लॉपआधी पानं टाकणं जवळजवळ थांबवलं होतं. साइटच्या आतल्या कुणाला सगळ्यांची पानं दिसत होती. पाठोपाठ अल्टिमेट बेट या साइटचं प्रकरण उघडकीला आलं. या साइटना परवाना देणाऱ्या, कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशनने २००८ मध्ये निष्कर्ष काढला की २००४ ते २००८ या काळातल्या फसवणुकीची मुख्य जबाबदारी १९९४ चा पोकरचा जागतिक विजेता रस हॅमिल्टन याच्यावर येते, आणि साइटला १५ लाख डॉलर दंड केला. खेळाडूंना परत द्यायची रक्कम २ कोटी डॉलरच्या वर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये जीजीपोकर या साइटवर एका खेळाडूने स्वतःच्या संगणकावर येणाऱ्या माहितीतून आपली जिंकण्याची शक्यता काढायची युक्ती शोधली. कंपनीने ते मान्य करून त्याचे पैसे जप्त केले.

या तिन्ही प्रकरणांत पत्ते वाकडे पडत नव्हते. पत्ते सरळच होते; ते, किंवा त्यांच्यावरून निघणारी जिंकण्याची शक्यता, कुणाला तरी कळत होती. आणि पहिली दोन प्रकरणं उघडकीला आणली ती चिकाटीने आकडे तपासणाऱ्या खेळाडूंनी, याचं मला आजही फार मोल वाटतं.

नव्या खेळाडूने यावरून तीन गोष्टी पाळाव्यात. एक, शेवटच्या पानावर चिडण्याऐवजी, कोणी सतत नेमक्या वेळी फोल्ड आणि नेमक्या वेळी कॉल (समोरच्याने लावले तेवढे पैसे लावून डावात राहणं) करतंय का ते बघा. दुबळ्या हाताने मोठा कॉल करून पुन्हा पुन्हा जिंकणारा जास्त संशयास्पद. दोन, एकाच टेबलावर दोघे संगनमताने खेळत नाहीत ना याकडे लक्ष ठेवा: ते एकमेकांवर कधी रेज (लावलेली रक्कम वाढवणं) करत नाहीत, पण तिसरा मध्ये अडकला की दोघे मिळून रेज वाढवतात. तीन, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरच्या एजंटमार्फत चालणाऱ्या खाजगी "क्लब"मध्ये अजिबात शिरू नका. तिथे ॲपचं पिसणं कदाचित उत्तम असेल. पण टेबलावरचे पाच जण एकाच खोलीत बसलेत का, आणि जिंकलेले पैसे देणार कोण, याचं उत्तर तिथे कोणीही देत नाही. आपल्याकडे तर ते बेकायदाही आहे.

पायरी ७: तक्रार करायची तर अशी करा

शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवून काही होत नाही. प्रत्येक डावाचा क्रमांक, तारीख-वेळ, टेबलाचं नाव, संशयित खात्याचं नाव आणि हँड हिस्टरीची मूळ फाइल द्या. एका डावाऐवजी पन्नास डाव द्या, त्यात तुमचा संशय खोटा ठरवणारे डावही असू द्या; वाचणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो. आधी साइटला लिहा. ब्रिटनमध्ये आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर साइटने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. न्यू जर्सीत तिथल्या गेमिंग अंमलबजावणी विभागाकडे. भारतात एखाद्या ॲपने किंवा एजंटने पैसे बुडवले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूपीआय क्रमांक आणि समोरच्याशी झालेले सगळे मेसेज तोपर्यंत पुसू नका.